पारोळ्यापुढचा उतार

माझ्या वडिलांशी माझं जे काही बोलणं झालं, ते बहुतेक सगळं उतारावर झालं. पुण्यातल्या सहकाऱ्यांना हे सांगितलं की ते कौतुकाने मान डोलावतात. त्यांना वाटतं, बाई काहीतरी खोल बोलली. खोल वगैरे काही नाही, मी ट्रकबद्दल बोलत असते.

वडिलांना मी नाना म्हणते. नाना जळगावातल्या एका डाळमिलच्या शेठजींकडे ट्रक चालवायचे. मोठा दहाचाकी नव्हे आणि टेम्पोही नव्हे, बाजारपेठेच्या गल्लीत शिरेल आणि तरी पाच-सहा टन माल ओढेल असा मधला ट्रक. डाळीची पोती भरायची, एरंडोल-पारोळा करत धुळ्याला दुकानादुकानांत उतरवायची, कधी पुढे साक्री-पिंपळनेरला जायचं आणि रिकामा ट्रक घेऊन घरी यायचं. त्या ट्रकचं इंजिन केबिनमध्येच होतं, ड्रायव्हर आणि बाजूची सीट यांच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली. झाकण इतकं तापायचं की त्यावर ठेवलेली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी धुळ्यापर्यंत गरम राहायची. आणि आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागे. मध्ये ते तापलेलं झाकण असल्यामुळे तेही जमत नसे.

शाळेला सुट्टी लागली की नाना मला ट्रकमध्ये घेऊन जायचे. गल्लीत त्यावर बरीच बोलणी व्हायची. पोरीची जात, ट्रकमध्ये कशाला, ड्रायव्हर लोकांत कशाला. नाना कुणाला उत्तर देत नसत. दार उघडायचे, खांद्यावरचा रुमाल काढून माझी सीट झटकायचे आणि मला वर चढवायचे. रुमालाने सीट झटकल्याशिवाय त्यांनी मला कधी बसू दिलं नाही. धूळ असो नसो, ते झटकणारच. शेठजी बसले तरी तसंच आणि मी बसले तरी तसंच, म्हणून मला त्या रुमालाचा फार अभिमान वाटायचा.

आई मी अगदी लहान असताना गेली. तिचा चेहरा मला आठवत नाही. घरात लग्नाचा एक फोटो आहे, त्यात तिने मान इतकी खाली घातली आहे की भांग तेवढा दिसतो. मला वाढवलं अक्काने, म्हणजे नानांच्या थोरल्या बहिणीने. अक्का आईचं नाव काढत नसे, पोर रडेल म्हणून. नाना काढत नसत, कारण ते काहीच बोलत नसत. घरी आल्यावर हातपाय धुवायचे, जेवायचे आणि ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायचे, एवढाच त्यांचा कार्यक्रम.

पण उतार लागला की नाना गिअरचा दांडा न्यूट्रलला टाकायचे. उतारावर न्यूट्रल केलं की डिझेल वाचतं, ही आमच्याकडच्या तमाम ड्रायव्हरांची पक्की समजूत. सगळा भार ब्रेकवर येतो, गाडी हाताबाहेर जाऊ शकते, हे आज मीच लोकांना फळ्यावर आकृती काढून सांगते. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की दांडा मध्ये आला की इंजिनचा गलका एकदम खाली बसतो, खिडकीतून वारा ऐकू येतो आणि नाना बोलायला लागतात.

ते आईबद्दल बोलायचे. समोर रस्त्याकडे बघत, जणू आधीच्या उतारावरचं वाक्य पुढे चालू आहे. आई फैजपूरकडची, केळीच्या बागांतली. त्यामुळे तिला केळ्यांचा भयंकर कंटाळा, कुणी केळं दिलं की गुपचूप गाईला घालायची. तिला शीळ घालता यायची, पण अक्कासमोर नाही. ती झोपेत हसायची आणि सकाळी विचारलं तर कबूल करायची नाही. एवढं होईपर्यंत उतार संपायचा, नाना क्लच दाबून गिअर टाकायचे आणि पुढचं सगळं इंजिनाच्या घशात जायचं. मग मी पुढच्या उताराची वाट बघत बसायचे. माझी आई मला अशी तुकड्या-तुकड्याने मिळाली.

सगळ्यात लांब उतार पारोळा सोडल्यावर लागायचा. खाली नाल्यावर पूल आणि पुलानंतर पुन्हा चढ. मी शाळेच्या शेवटच्या वर्गांत होते तेव्हाची गोष्ट. त्या उतारावर नाना म्हणाले, "तुनी माय दवाखानामा माले एक गोट सांगी गई." आणि थांबले. नेहमीपेक्षा जास्त थांबले. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी घसा साफ केला आणि तेवढ्यात पूल आला. त्यांनी क्लच दाबला, गिअर टाकला, इंजिन ओरडलं. चढ संपल्यावर त्यांनी काही पुढे सांगितलं नाही, आणि धुळ्यापर्यंत दुसरा तेवढा उतार नव्हता.

त्यानंतर मी शिकायला बाहेर पडले आणि ट्रकमधलं बसणं संपलं. ती काय सांगून गेली, हे मी नानांना विचारलं नाही असं नाही. सुट्टीत घरी आले की विचारायचे. ते म्हणायचे, "कसाले आते," आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे. तो वाढवायचं खरं कारण मला उशिरा कळलं. त्यांचे कान जात होते. इंजिन डाव्या बाजूला, त्यामुळे डावा कान आधी गेला, उजव्याला थोडंफार ऐकू येतं. कानाचं मशीन आणून दिलं, ते त्यांनी पानाच्या जुन्या डबीत ठेवलं आहे. "मना कानमा अजून गाडी चालू शे," असं ते म्हणतात. फोनवर त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ही गोष्ट ओरडून विचारण्यासारखी नव्हती. आई मरताना काय म्हणाली, हे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात कुणी कसं विचारावं?

मी विजेवर चालणारे ट्रक करते. म्हणजे पूर्ण ट्रक नव्हे, त्याला चालवणारी यंत्रणा: मोटर, तिला वीज पुरवणारी बॅटरी आणि दोघींना ताब्यात ठेवणारा कंट्रोलर. तेही नानांच्या ट्रकसारख्याच मधल्या आकाराच्या ट्रकांसाठी, जे सकाळी गोदामातून निघतात, दुकानांना माल देतात आणि संध्याकाळी परत येतात. त्यांना बॅटरी चांगली मानवते, कारण रात्री उभ्या उभ्या चार्ज होता येतं. मुलाखतीत मला विचारलं होतं, याच कामात का यायचं आहे. मी प्रदूषण, डिझेलचा खर्च वगैरे बोलले. मनात होतं ते बोलले नाही. मला असा ट्रक करायचा होता ज्यात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईल.

ट्रक तयार झाला आणि त्याला उन्हात चालवून बघायची वेळ आली, तेव्हा कंपनीने जळगाव निवडलं. मे महिन्यात जळगावात बॅटरी थंड राहिली तर ती जगात कुठेही राहील, असं आमच्या साहेबांचं म्हणणं. ते मूळचे नाशिकचे, पहिल्या दुपारी शेडबाहेर जाऊन आले आणि डोक्यावर ओला टॉवेल टाकून बसले. मला मनातून बरं वाटलं. आमच्या उन्हाला निदान कुणीतरी मान दिला.

एमआयडीसीत एक शेड भाड्याने घेतलं, ट्रकमध्ये वाळूच्या गोण्या भरल्या आणि दोन अनुभवी ड्रायव्हर ठेवले, एक जळगावचा आणि एक धुळ्याचा. जळगाव ते धुळे, धुळे ते जळगाव. बॅटरीने ऊन सोसलं. पण एक हिशेब जुळेना. या ट्रकात उतारावर पाय उचलला की मोटर उलटी राबते, गाडीला मागे ओढते आणि वीज बॅटरीत परत टाकते. पुण्याच्या रस्त्यांवर ती छान परत येत होती, आमच्या रस्त्यावर जवळजवळ नाहीच. साहेबांना मोटरचा संशय, मोटरवाल्यांना कंट्रोलरचा, आणि कंट्रोलर माझा, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले. आम्ही ट्रक उघडून बसलो, वायरी तपासल्या. सगळं ठणठणीत.

मग एका दुपारी मी आलेख नीट बघितला आणि शेडमध्ये एकटीच हसत सुटले. प्रत्येक उताराच्या माथ्यावर कुणीतरी गाडी न्यूट्रलला टाकत होतं. प्रत्येक उताराच्या, दोघेही ड्रायव्हर, न चुकता. न्यूट्रलला मोटर सुटी होते, वीज परत येत नाही. मी धुळ्याच्या ड्रायव्हरदादांना विचारलं.

"उतारवर न्यूट्रल करनंच पडस ना मॅडम," ते म्हणाले. "डिझेल वाचस."

"दादा, यात डिझेल नाही."

"हां, ते बी खरं शे," म्हणून ते मनापासून हसले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रत्येक उतारावर न्यूट्रल. डोक्याला पटलं होतं, पण हाताला कोण सांगणार? हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांना वाटलं कंट्रोलर निर्दोष सुटल्याचा आनंद झाला. मला मात्र पारोळ्यापुढचा तो उतार दिसत होता आणि नानांचा दांड्यावरचा हात.

यावर उपाय करणं माझंच काम होतं. गाडी चालू असताना गिअरच्या दांड्याऐवजी बसवलेलं बटण न्यूट्रलला फिरवलं तरी ट्रकने ऐकायचं नाही, अशी सोय मी केली. दुसऱ्याच दिवशी वीज परत यायला लागली आणि साहेबांनी सगळ्यांना रसवंतीवर नेलं. मी उसाचा रस प्यायले, पण तो गोड लागला नाही. ज्या न्यूट्रलमध्ये मला आई भेटली, तेच मी माझ्या हाताने बंद केलं होतं.

चाचण्या संपत आल्या तशी माझी तगमग वाढली. ट्रक पुण्याला परत गेला की पुन्हा या रस्त्यावर येणार नव्हता आणि नाना काही पुण्याला येणार नव्हते. मला त्यांना या ट्रकात बसवून धुळ्याला न्यायचं होतं. मी चालवणार, माझ्याकडे तसा परवाना आहे. ते डावीकडे बसले की त्यांचा उजवा, थोडा शाबूत कान माझ्याकडे येतो. इंजिनाचा आवाज नाही. जळगावपासून धुळ्यापर्यंत आख्खा रस्ता बोलायला मोकळा. आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटत होतं, आणि मला ते वाक्य पुरं ऐकायचं होतं.

साहेबांना भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "वडिलांच्या वजनाइतकी वाळू काढ, म्हणजे हिशेब बिघडणार नाही." इतक्या वर्षांत तो माणूस मला पहिल्यांदा आवडला.

नाना मात्र तयार होईनात. "इतला ऊनमा कसाले?" शेवटी अक्काने आवाज चढवला, "भाऊ, पोर इतली म्हनी राहिनी, जाय ना!" तेव्हा ते उठले. धुतलेला पांढरा शर्ट घातला, खांद्यावर रुमाल टाकला. शेडवर मी माझ्या ओढणीने त्यांची सीट झटकली. त्यांनी बघितलं, त्यांना ते पसंत पडलं नाही, आणि स्वतःच्या रुमालाने पुन्हा झटकून ते बसले. मधल्या सीटवर आमच्या मोजमापाच्या यंत्रांचं खोकं पट्ट्याने बांधलेलं होतं आणि त्यावर लॅपटॉप. इंजिन तिथून गेलं, तर आम्ही तिथे खोकं आणून ठेवलं.

मी ट्रक काढला. गिरणेचा पूल आला. नानांनी डॅशबोर्डवर तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"गाडी चालू शे का बंद?"

"चालू शे नाना."

"हूं."

पाळधी गेलं, एरंडोल गेलं. मी बोलत होते. अक्काच्या गुडघ्यांचं, शेजारच्या घराच्या बांधकामाचं, हा ट्रक कसा केला त्याचं. त्यांना ऐकू येत होतं. ते "हूं" म्हणत होते. आख्खा रस्ता मोकळा होता आणि त्या रस्त्यावर नाना "हूं" म्हणत होते. मला रडू यायला लागलं. मी काय समजले होते? आवाज काढून टाकला की माणूस बोलायला लागतो?

रस्ता आता चौपदरी झाला आहे. बरेचसे जुने उतार त्यांनी भराव घालून सपाट केले. पारोळ्यापुढचा तेवढा थोडा शिल्लक आहे. त्याच्या माथ्यावर आलो तसे नाना सीटवर सावरून बसले.

"उतार ऊना. न्यूट्रल कर ना, पोरी."

मी ऐटीत पाय उचलला. ट्रकने स्वतःला मागे ओढलं, मोटर बारीक गुणगुणली, वीज बॅटरीत परत जायला लागली. नाना पुढे झुकले, त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. "बिरेक कसाले मारनी?" मी मोठ्याने समजावून सांगितलं की हा ब्रेक नाही, यात उतारावर बॅटरी भरते. "हूं," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. पूल आला आणि गेला.

मला भयंकर राग आला. ट्रकचा, माझ्या हुशारीचा, त्या परत येणाऱ्या विजेचा. पुढे ढाब्यापाशी दुभाजक उघडा होता. तिथून मी ट्रक वळवला, मागून येणाऱ्या आमच्या जीपला फोनवर सांगितलं की उताराची चाचणी परत घेते आहे, आणि माथ्याच्या अलीकडे जाऊन पुन्हा वळून कडेला थांबले. लॅपटॉप उघडला आणि मीच घातलेली न्यूट्रलची बंदी उठवली.

"काय हुयनं? बिघडनी का?" नानांनी विचारलं.

"नही नाना. तोच उतार परत लेवाना शे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

माथ्यावर आलो आणि मी बटण न्यूट्रलला फिरवलं. ट्रक सुटला. मागचं ओढणं गेलं, मोटरची गुणगुण गेली, अंग हलकं झालं. मी काच खाली केली. खिडकीतून गरम वारा आला आणि तो वारा मला ओळखू आला. मी समोर रस्त्याकडे बघत राहिले, कारण लहानपणी आम्ही दोघं तसेच बघायचो.

"तुनी माय दवाखानामा माले एक गोट सांगी गई," नाना म्हणाले.

नाना सावकाश सांगत होते. आई रोज सकाळी ट्रकपर्यंत भाकरी द्यायला यायची. एकदा म्हणाली, "माले बी धुळं दखाडा." नाना म्हणाले, लोक काय म्हणतील, ड्रायव्हरची बाई गाडीत बसून फिरते. पुन्हा एकदा म्हणाली. नाना म्हणाले, पुढच्या खेपेला. मग ती आजारीच पडली.

पूल समोर आला. नानांचा डावा पाय आपोआप पुढे गेला आणि जिथे क्लच नव्हता तिथे त्याने जमीन दाबली. त्यांचं तोंड मिटलं. ते इंजिनाच्या आवाजाची वाट बघत होते.

मी बटणाला हात लावला नाही. ट्रक आपल्या वेगाने पुलावर आला, पूल ओलांडून चढाला लागला, मंद होत गेला. मी तो कडेला घेतला. आवाज आला नाही. नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग समोर पाहिलं. ट्रक थांबता थांबता त्यांनी वाक्य पुरं केलं.

"ती म्हने, माले तुम्ही कधी गाडीमा बसाडं नही. आते पोरले तरी बसाडा."

मी ब्रेक लावला. स्टिअरिंगवर डोकं ठेवून मी रडले, चांगली मोठ्याने रडले. त्या सगळ्या सुट्ट्या, गल्लीची ती बोलणी, नानांचं गप्प राहणं, मला वर चढवणं, सगळं माझ्यासमोर आलं. मला वाटत होतं नाना मला नेतात. मला आई नेत होती. ती हवी होती मला, आत्ता, इथे, या केबिनमध्ये, आणि इतकी वर्षं तिची जागा तापलेल्या इंजिनाने अडवली होती.

नानांनी मला रडू दिलं. मग त्यांनी बोटाने मधल्या खोक्याकडे दाखवलं. मी डोळे पुसले, पट्टा सोडला आणि खोकं उचलून सीटमागे ठेवलं. नानांनी खांद्यावरचा रुमाल काढला. मधली सीट त्यांनी नीट झटकली, कोपऱ्यांतून, टेकायच्या जागेवरून, पुन्हा एकदा सगळीकडून.

"चाल आते," ते म्हणाले. "तिले धुळं दखाडू."